गेटचे एक्क्याण्णव अर्थ आणि एक डावा हात

माझ्या नोकरीतली निम्मी वर्षं एका इंग्रजी क्रियापदानं खाल्ली. रोमन लिपीत लिहायला त्याला तीन अक्षरं पुरतात. जी, ई, टी. गेट. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणी तो शब्द उच्चारला की मी मनातल्या मनात त्याचे अर्थ मोजायला लागतो, आणि सत्तरच्या पुढे गेलो की रक्तदाब वाढतो. दिवाळी अंकवाल्यांनी कळवलंय, "सर, अध्यापनातलं काहीतरी प्रेरणादायी लिहा." प्रेरणा माझ्याकडे फारशी शिल्लक नाही. गेटबद्दल लिहितो, चाललं तर छापा.

आमची शाळा मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत, टोकावड्याच्या बाजूला. नाव लिहीत नाही, कारण संस्था अजून आहे, अध्यक्ष अजून आहेत आणि त्यांचा पुतण्या आता संस्थेचा सचिव आहे. त्या पुतण्याचं पुढे येईलच. मी मूळचा शहापूर तालुक्यातला, शेणव्याचा. मराठी आणि इतिहास घेऊन बीए झालेला. मुलाखतीत अध्यक्षांनी विचारलं, "देसले, इंग्रजी येतं का?" मी म्हटलं, येतं. ते खरं की खोटं हे तपासण्याइतकं इंग्रजी त्या खोलीत कुणालाच येत नव्हतं, म्हणून मी इंग्रजीचा शिक्षक झालो.

बाहेरच्या माणसाला या धंद्याची कल्पना नसते, म्हणून सांगतो. नव्वदीच्या दशकात आमच्या पोरांना इंग्रजी भेटायची ती पाचवीत. तोवर ए म्हणजे काय हेसुद्धा त्यांनी फक्त एसटीच्या पाटीवर पाहिलेलं, तेही पाटी मराठीत नसली तर. अशा पोरानं पाच वर्षांत एवढं तयार व्हायचं, की दहावीच्या पेपरात लंडनच्या मित्राला पत्र लिहून आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं वर्णन करावं. आमच्याकडे पत्र लिहायची पद्धतच नव्हती. मुरबाडला कुणाला निरोप द्यायचा तर तो एसटीच्या ड्रायव्हरला सांगितला की संध्याकाळपर्यंत उत्तर यायचं. पण लंडनला एसटी जात नसल्यानं सगळी पंचाईत.

आता या गेटचं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी पुस्तकात एक वाक्य आलं, इट वॉज गेटिंग डार्क. गेट म्हणजे मिळवणे हे मला ठाऊक होतं. मी फळ्यावर अर्थ लिहिला, "तो अंधार मिळवत होता." बेचाळीस पोरांनी तो सुबक अक्षरात उतरवून घेतला. पुढे मुरबाडच्या एका मास्तरांनी माझ्या एका विद्यार्थ्याची वही बघितली आणि पुढे सहा महिने ते मला बसस्टँडवर "काय देसले, मिळाला का अंधार?" असं विचारत. माझा स्वभाव जरा तापट. मी तडक कल्याणला गेलो, रद्दीवाल्याकडून एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश उचलला आणि गेटचं पान उघडलं. ते एक पान नव्हतं. पानं उलटतोय तरी गेट संपेना. गेट म्हणजे मिळणे, आणणे, होणे, पोचणे, समजणे. पुढे अप लागला की उठणे, डाउन लागला की उतरणे, ओव्हर लागला की दुखण्यातून बरे होणे. एका शब्दाला इतकी कामं लावणाऱ्या इंग्रजांना दीडशे वर्षं राज्य करायला वेळ कसा मिळाला, याचं मला नवल वाटलं.

दिवाळीच्या सुटीत बसून मी गेटचे एक्क्याण्णव अर्थ एका वहीत काढले. मुरबाडला जाऊन त्यांची स्टेन्सिल कापून घेतली आणि प्रती वाटल्या. त्या दोन तालुक्यांत फिरल्या. शहापूरच्या एका प्रशिक्षण शिबिरात तर माझं गेटवर तासभर भाषण झालं. लोक मला गेटवाले सर म्हणायला लागले. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

शिकवायची पद्धत आमची पिढीजात. मी म्हणायचं, पोरांनी एका सुरात ओढायचं. "गेट म्हणजे मिळणे, गेट म्हणजे होणे, गेट अप म्हणजे उठणे." पावसाळ्यात पत्र्यावर पाणी वाजत असलं तरी आमचा वर्ग रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. शाळेमागं गणपतचं शेत होतं. रोज ऐकून ऐकून तो बसलेल्या बैलाला "गेट अप" म्हणायला लागला, आणि बैल उठायचा. माझ्या पद्धतीचा एवढा एकच खात्रीलायक निकाल मी छातीठोकपणे सांगू शकतो. एक्क्याण्णव अर्थांपैकी शाळेत खरोखर वापरात होता तो एकच, गेट आउट. तो कुणी पाठ करून घेतला नव्हता, तरी पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांना अचूक समजायचा. त्यावरून माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला.

माझी दुसरी एक युक्ती होती, तिचाही मला अभिमान होता. वर्गात प्रश्न विचारला की चार हात वर जातात आणि बाकीची पोरं बाकाखाली बघतात. ते मला बघवत नसे. म्हणून मी नियम केला होता. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला येतंय त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. मी फक्त उजव्या हाताला विचारणार. कुणाची फजिती नाही, कुणाला मार नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय वर्ग आहे. हेडसरांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी ती साऱ्या शाळेत लागू केली. दरवर्षी जून-जुलैत आठवीच्या नव्या वर्गाला मी नियम एकदा समजावून सांगायचो. एकदाच. पुन्हा सांगायची गरज पडायची नाही.

आता वंदना. वंदना बाळू बांगर, डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरची. बाप भातशेती करून उरलेल्या दिवसांत रस्त्यावरच्या एका ढाब्यावर कामाला. मुलगी कधी बोलायची नाही, वही नीट, पण अक्षर असं की कोंबडीनं पाय पुसलेत. आठवीपासून नववीपर्यंत मी तिला एकही प्रश्न विचारला नाही, कारण ती रोज, दर प्रश्नाला, न चुकता डावा हात वर करायची. मला तिची दयाच यायची. म्हणायचो, बिचारी, निदान प्रामाणिक तरी आहे.

आणि आता जे सांगतो ते कुठल्याही शाळेच्या स्मरणिकेत छापून येत नाही. निकालाचा फलक रंगवायचा तर शंभर टक्के लिहिलेलं बरं दिसतं. ते शंभर टक्के कसे लागतात? अगदी सोपं आहे. जी पोरं नापास होतील असं वाटतं, त्यांना दहावीला शाळेतून बसवायचंच नाही. नववी झाली की दाखला हातात द्यायचा आणि पालकांना सांगायचं, "सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा." बाहेरून बसलेला नापास झाला तर तो शाळेच्या टक्क्यात धरत नाहीत. ही यादी सहामाहीनंतर निघायची. आणि आमच्याकडे पोरं पडायची ती इंग्रजीत, त्यामुळे यादी करायचं काम इंग्रजीच्या शिक्षकाकडे. म्हणजे माझ्याकडे. मी ते नऊ वर्षं केलं होतं. त्या वर्षी यादीत सहा नावं होती आणि चौथं वंदनाचं.

बाळू मला शाळेच्या ओट्यावर भेटायला आला. टोपी हातात घेऊन उभा. "सर, पोरीला इंग्रजी येतच नाय का?"

"नाही येत, बाळूदादा," मी म्हटलं. "दोन वर्षं बघतोय मी."

"मंग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "शेनव्याकडला स्थळ आलाय. पोरगा बरा हाय. शालंतून दहावीला बसली असती तं यक वरीस थांबलो असतो. शालाच काढते तं घरात ठेवून काय करू?"

शेणवा माझंच गाव. मी मोठ्या आपुलकीनं त्याला सांगितलं की घर चांगलं आहे, माणसं ओळखीची आहेत. एवढं सांगून मी गेट शिकवायला वर्गात गेलो.

फेब्रुवारीत तपासणी आली. माध्यमिक शाळेची तपासणी म्हणजे चार-पाच जाणकार मंडळी जीपमधून येतात आणि एका दिवसात शाळेची बरी-वाईट प्रत ठरवतात. आठवडाभर आम्ही झटत होतो. भिंतींना चुना झाला, नकाशे टांगले, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली पाच वर्षांनी सापडली आणि कपाट उघडल्यावर ती सापडली नसती तर बरं झालं असतं असं वाटलं. गावठी कोंबड्यांची सोय अध्यक्षांच्या घरून आणि शाकाहाऱ्यांना श्रीखंड मुरबाडहून. मी आदर्श पाठ ठेवला होता तो अर्थात गेटचा.

इंग्रजी तपासायला आलेल्या बाई कल्याणकडच्या, निवृत्तीला टेकलेल्या, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. मी सुरू केलं. "व्हॉट इज द मीनिंग ऑफ गेट ऑफ?" बेचाळीस हात वर. मी उजव्या हातांतून राजेशला उठवलं. राजेश म्हणजे अध्यक्षांचा पुतण्या. त्यानं खणखणीत उत्तर दिलं. दुसरा प्रश्न, पुन्हा बेचाळीस हात, पुन्हा अचूक उत्तर. चौथ्या प्रश्नाला हेडसर दारात उभे राहून एवढे खूश झाले की त्यांनी पाहुण्यांकडे न बघता माझ्याकडेच बघून मान हलवली.

तेवढ्यात बाई उठल्या. "मी एक विचारू का?"

नाही कसं म्हणणार. त्या फळ्यापाशी आल्या आणि वर्गाला म्हणाल्या, "गेट वापरून मला काहीतरी सांगा. फळ्यावरचं नको, आणि पाठ केलेलं तर नकोच. हात वर करा." हात वर गेले. या वेळी उजवे फार थोडे होते. बाईंनी चष्मा चढवला, सगळे उजवे हात नजरेनं ओलांडले आणि तिसऱ्या रांगेकडे बोट केलं. "ती मुलगी. डावा हात वर केलेली."

माझी पाचावर धारण बसली. दारातल्या हेडसरांनी डोळे मिटले. वंदना उठली. दोन वर्षांत माझ्या तासाला ती पहिल्यांदा उभी राहत होती. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, जणू खरंच आपल्याला विचारलंय का याची खात्री करतेय. मग म्हणाली:

"आय गेट अप ॲट फोर. आय गेट वॉटर फ्रॉम वेल. माय मदर गेट्स अँग्री, बिकॉज आय गेट लेट. आय रन, आय गेट बस." जरा थांबली. "इन क्लास आय नो. आय पुट हँड. बट आय डोन्ट गेट क्वेश्चन."

बाई हसल्या, त्यांना तो विनोद वाटला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी मात्र तिच्या हाताकडे बघत राहिलो. बोलताना तिनं कपाळावरचे केस मागे सारले होते ते डाव्या हातानं. पुस्तक उचललं तेही डाव्या हातानं. दोन वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर बसत होती आणि ती डावखुरी आहे हे मला त्या मिनिटाला दिसलं.

जेवताना बाई माझ्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "देसले, तीस वर्षं मीही हाच धंदा केला. आमच्याकडे येणाऱ्यानं पंजा दाखवायचा आणि न येणाऱ्यानं मूठ. म्हणून मुद्दामच डाव्या हाताला विचारलं. पण तुमची न येणारी पोरगी असं बोलते, तर येणारी कशी असतील?" त्यांनी शेऱ्यात इंग्रजीचं अध्यापन उत्कृष्ट असं लिहिलं. हेडसरांनी मला शाल दिली. खरं काय ते सांगायला तोंड उघडायचं, तर मी त्यात श्रीखंड घातलं. त्याची लाज मला आजही वाटते.

पाहुण्यांची जीप गेल्यावर मी वंदनाला व्हरांड्यात थांबवलं. विचारलं, "तू डावा हात का वर करायचीस गो?"

"मंग कोनचा करू?" ती म्हणाली. "माजा तोच हात उठतो."

"नियम ठाऊक नाही तुला? येतं त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा?"

तिनं हळूच विचारलं, "कवा सांगला तुमी ह्यो?"

"आठवीत. जुलैत, पहिल्या आठवड्यात."

"तवा मी आवनीला होती, सर."

आवणी म्हणजे भाताची लावणी. त्या आठवड्यात आमच्याकडे निम्मा वर्ग चिखलात असतो हे मला माझ्या बापाच्या शेतापासून ठाऊक. बाकीची पोरं परत आल्यावर एकमेकांना विचारून शिकली. ही कुणाला विचारणारी नव्हती. सगळे हात वर करतात म्हणून हिनंही केला. आणि मी विचारत नाही त्याचा अर्थ तिनं लावला तो असा, की सरांना आपण आवडत नाही. हे तिनं काही रडून वगैरे सांगितलं नाही. पाऊस कमी पडला म्हणून सांगावं तसं सांगितलं. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

"आणि हे गेट तुला कसं आलं?" मी विचारलं. "पाठ तर राजेशला आहे."

"त्यात काय सर. आपला लागना हाय ना, तसाच हाय तो. भूक लागते, ठेच लागते, बस लागते, नोकरी लागते, पोरीला हळद लागते. कोन पाठ करतो? बोलताना आपसूक येतो."

मी मराठी घेऊन बीए झालेला माणूस. लागणे हे क्रियापद जन्मापासून तोंडात. त्याचे किती अर्थ होतात हे मी कधी मोजलं नव्हतं, मोजायची गरजच पडली नव्हती. आणि इंग्रजीचे एक्क्याण्णव मोजून मी ते बैलापर्यंत पोचवले होते. सुटीत मी शहाणा होऊन दमलो आणि ही पोरगी विहिरीवर पाणी भरता भरता त्याच जागी पोचली.

त्या संध्याकाळी मी तिचे सहामाहीचे पेपर काढून बघितले. इंग्रजीला बावीस मार्क. अडीच पानं भरलेली, पुढची कोरी. मी कोऱ्या पानांना शून्य दिलं होतं, त्यात चूक नव्हती. पण भरलेल्या अडीच पानांत चुका जवळजवळ नव्हत्या, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, कारण ते अक्षर वाचायचा मला कंटाळा आला होता. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा कळलं, पहिलीत गुरुजींनी पट्टी मारून मारून तिला उजव्या हातानं लिहायला लावलं होतं. तीन तासांच्या पेपरात तो हात अडीच पानांवर थांबायचा.

मी हेडसरांकडे गेलो. म्हटलं, यादीतून वंदनाचं नाव काढा.

"अहो देसले, यादी अध्यक्षांनी बघितलीय," ते म्हणाले. हेडसर वाईट माणूस नव्हते. त्यांना निकालाचा फलक रंगवायचा होता, एवढंच. "आणि बावीस मार्क आहेत तिला."

"ते माझे बावीस आहेत. तिला येतं. डाव्या हातानं लिहू द्या, पास होईल."

"डाव्या हातानं बोर्डाचा पेपर चालतो का? तसं लेखी आणा."

मी शिक्षण खात्याच्या एका कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनानं नियमांची फाईल तीनदा उलटली आणि सांगितलं, डाव्या हातानं लिहायची परवानगी आहे असा नियम नाही. मी विचारलं, म्हणजे बंदी आहे का? तो म्हणाला, तसाही नियम नाही. मग काय आहे? म्हणाला, काहीच नाही, म्हणून लेखी देता येत नाही. परत येऊन मी हेडसरांच्या टेबलावर हात आपटला. आयुष्यात एकदाच आपटला, तोही डावा. शेवटी त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं, की सदर विद्यार्थिनी इंग्रजीत नापास झाल्यास श्री. देसले हे इंग्रजी सोडून चित्रकला व बागकाम हे विषय घेतील. मला चित्रकलेत कावळासुद्धा काढता येत नाही. मी सही केली.

सही करणं सोपं होतं. अवघड होतं ते पाड्यावर जाऊन बाळूला सांगणं. त्याच्या अंगणात खाटेवर बसून मी म्हटलं, "बाळूदादा, चूक माझी आहे. पोरीला येतं. मला बघता आलं नाही."

बाळूला ते पटेना. "तुमी शिकलेली मानसं. तुमी कशी चुकाल?" मास्तर चुकला यापेक्षा आपली पोर ढ आहे हे मानणं त्याला सोपं जात होतं. तेव्हा आतून वंदनाची आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. म्हणाली, "चुकला तं चुकला. सांगाया तरी आला. यक वरीस थांबा." मग बाळू थांबला. शेणव्याचं स्थळ गेलं, आणि त्या घरचे लोक पुढची चार वर्षं माझ्याशी बोलले नाहीत.

दहावीचं वर्षभर वंदनानं डाव्या हातानं लिहायचा सराव केला. मुरबाडच्या केंद्रावर कुणी अडवू नये म्हणून मी शाळेच्या शिक्क्याचा दाखला दिला, की सदर विद्यार्थिनी जन्मतः डावखुरी असून चांगल्या वर्तणुकीची आहे. पहिल्याच दिवशी पर्यवेक्षकानं हटकलं, हिनं दाखला पुढे केला. त्यानं तो दोनदा वाचला आणि शिक्का असल्यामुळे काही बोलला नाही.

निकाल लागला. वंदनाला इंग्रजीत चोपन्न. मी शाळेच्या पायरीवर बसून रडलो, आणि ते शिपायानं बघितलं याचं मला काही वाटलं नाही. शाळेचा निकाल मात्र शंभर टक्के लागला नाही. एक जण इंग्रजीत गेला. राजेश. त्याला विचारलं, पत्राच्या प्रश्नात काय लिहिलंस? तो अभिमानानं म्हणाला, "सर, गेटचे एक्क्याण्णव. येकपन नाय सोडला." लंडनच्या त्या मित्राचं काय झालं असेल कोण जाणे. राजेश आज संस्थेचा सचिव आहे आणि शाळेत इंग्रजी सुधारण्यासाठी समिती नेमणार आहे असं ऐकतो.

इथं थांबलो असतो तर अंकवाल्यांना हवं तसं प्रेरणादायी झालं असतं. पण त्या दिवाळीच्या सुटीत मी कपाटातून मागच्या नऊ वर्षांच्या सतरा नंबरच्या याद्या काढल्या. सगळ्या माझ्याच अक्षरातल्या. प्रत्येक नावापुढे मी चेहरा आठवायचा प्रयत्न केला, आणि त्या चेहऱ्याचा हात. एका नावापाशी अडलो. हरिश्चंद्र. पोरगा क्रिकेटमध्ये डाव्या हातानं बोलिंग टाकायचा, मैदानात मीच त्याला शाबासकी द्यायचो. वर्गात त्यालाही मी कधी प्रश्न विचारला नव्हता. तो बाहेरून बसलाच नाही. पुढे एकदा वीटभट्टीवर भेटला, तेव्हा मी विचारलं, "हऱ्या, माझ्या तासाला कुठला हात वर करायचास रे?" तो हसला. "आता काय आठवतंय सर? येवढी वर्सं झाली." म्हणून मला आजवर कळलेलं नाही. बाकीच्यांना विचारायचं धाडस झालं नाही. हातांचा नियम मी बंद केला आणि यादी करायलाही नकार दिला. यादी पुढे गणिताचे शिक्षक करायला लागले.

आता शेवटचं. निवृत्तीनंतरची गोष्ट. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला मुरबाडला गेलो होतो. टोकावड्याला जुन्या घरमालकांकडे लग्न होतं, म्हणून माळशेजकडची एसटी धरली. गाडी गच्च. उभा होतो, उजव्या हातात आहेराच्या भांड्यांची पिशवी. पुढून खणखणीत आवाज आला. शहरातली, आपसात इंग्रजीच बोलणारी चार पोरं घाटात फिरायला निघाली होती आणि कंडक्टर त्यांना दटावत होती, "यू गेट डाउन व्हेन आय रिंग बेल. डोन्ट गेट अप बिफोर. यू गेट हर्ट, देन आय गेट मेमो." पोरं मुकाट बसली. बायका एसटीत कंडक्टर म्हणून लागायला लागल्या होत्या हे ऐकून होतो, बघत होतो पहिल्यांदाच. खाकी कपडे, खांद्याला पिशवी, आणि तिकिटाला पंच मारणारा हात डावा.

मला हाक मारायचा धीर झाला नाही. ती गर्दीतून मागे सरकत आली आणि ओरडली, "तिकीट कोनाकोनाचा ऱ्हायलाय? हात वर करा."

उजव्या हातात पिशवी होती. मी डावा वर केला.

तिनं बघितलं. ओळखलं. क्षणभर पंच तसाच राहिला. मग ती अगदी माझ्याजवळ येऊन, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सर, डावा? म्हंजी येत नाय ना?"

"नाय येत गो, वंदना," मी म्हटलं. "तवापन येत नवता."

तिनं डाव्या हातानं टोकावड्याचं तिकीट फाडलं आणि पिशवी माझ्या हातातून घेऊन आपल्या सीटवर ठेवली.